शिक्षकांचा विश्वास हेच भांडवल

वाशीच्या महाविद्यालयावर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव वाचताना गोरगरिबांसाठी वसतिगृहे काढणारा लोकसेवक डोळ्यांसमोर उभा राहतो. ही प्रतिमा खरी असली तरी अपुरी आहे. आपल्या शिकविण्याने मूल घडते, हा विश्वास एखाददुसऱ्या शिक्षकाच्या नव्हे, तर सबंध शिक्षकवर्गाच्या मनात रुजविणे, हे त्यांचे तितकेच मोठे कार्य होय.

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांना स्वतः मॅट्रिकपर्यंतही मजल मारता आली नाही. किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते खेडोपाडी हिंडले आणि रयतेचे दैन्य त्यांनी जवळून पाहिले. सत्यशोधकी विचारांच्या या पुरुषाने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत आणि श्रम करून शिकत. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले.

१९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले. खेड्यापाड्यांतील व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणले गेले ते त्यानंतर. आधी शिक्षक, मग शाळा, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. वसतिगृहात वाढलेली मुलेच पुढे शिक्षक होऊन वर्गात उभी राहिली. कुणब्याचे पोर शिकू शकते काय, हा प्रश्न त्यांना पडणेच शक्य नव्हते; त्याचे उत्तर ते स्वतःच होते. शिवाय आजीव सेवकांना संस्थेच्या कारभारात वाटा मिळाला. त्यामुळे यश आणि अपयश दोन्ही सर्वांची झाली. १९४८ मध्ये मतभेदांपायी सरकारी अनुदान थांबले, तरी काम थांबले नाही.

आज आपल्या शिक्षकसभा परिपत्रके वाचण्यात संपतात. या वस्तीतील मुले अशीच, असे कोणी म्हटले की ते खोडून काढण्यास सहसा कोणी पुढे येत नाही. अर्थशास्त्राच्या हिशेबात इमारती व अनुदाने मोजली जातात. शिक्षकांचा विश्वास मोजला जात नाही. परंतु या विश्वासावाचून बाकीची गुंतवणूक निष्फळ ठरते. मुख्याध्यापकांनी प्रगती केलेल्या मुलांची उदाहरणे सभेपुढे ठेवावीत, शिक्षकांना एकमेकांच्या वर्गात बसू द्यावे, निर्णयांत त्यांना सहभागी करून घ्यावे. यासाठी निराळा निधी लागत नाही.

कर्मवीर १९५९ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव आपण इमारतींवर कोरले. ते शिक्षकांच्या सभेत कधी पोहोचणार, हाच खरा प्रश्न आहे.