वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया



दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा जपानच्या सव्वीस रक्तसाक्षींचे स्मरण करते. त्यांपैकी संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे सुपुत्र. भारतभूमीत जन्मलेल्यांमध्ये संतपदाचा मान सर्वप्रथम त्यांना लाभला. क्रूसावरील मरणाला सामोरे जाण्याचे धैर्य त्यांना कोठून मिळाले, याचे चिंतन आम्ही येथे करीत आहोत.

सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमलाखालील वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, तर आई भारतीय होती. येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते जपानला गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी अनेक वर्षे श्रद्धाशिक्षकाची सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा मात्र पूर्ण झाली नाही. ते व्यापाराकडे वळले व त्यात त्यांचा चांगला जम बसला. तथापि देवाचे पाचारण मनातून पुसले गेले नाही. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधूंनी त्यांना आपल्यात सामावून घेतले.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. क्योतो येथे या बंधूंनी गोरगरिबांची व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली. १५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. परकीय आक्रमणाचा संशय बळावला आणि राज्यकर्ता तोयोतोमी हिदेयोशी याने या बंधूंना व इतर ख्रिस्ती जनांना देहदंड फर्मावला.

१५९७ च्या जानेवारीत चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा छाटून त्यांची धिंड काढण्यात आली. भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. त्यांत फ्रान्सिस्कन होते, जपानी येशूसंघीय होते, प्रापंचिक होते आणि बारा वर्षांचा लुईस इबाराकीही होता. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघा प्रापंचिकांनाही पकडण्यात आले. अशा रीतीने चोवीसांचे सव्वीस झाले. ५ फेब्रुवारी रोजी निशिझाका टेकडीवर त्या सर्वांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. स्तोत्रे गात त्यांनी प्राण अर्पण केले.

१६२७ साली त्यांना धन्यपद मिळाले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. १८६५ साली नागासाकीत याच रक्तसाक्षींच्या स्मरणार्थ उभारलेल्या औरा चर्चमध्ये काही गावकरी आले व त्यांनी आपली श्रद्धा प्रकट केली. धर्मगुरूंविना, अडीचशे वर्षे त्यांच्या पूर्वजांनी ती गुप्तपणे जतन केली होती.

बंधुभगिनींनो, संत गोन्सालो क्रूसाकडे एकटे चालले नाहीत. एकमेकांच्या प्रार्थनेने त्या सर्वांना बळ दिले. आपल्या धर्मग्रामातही कोणी आजाराने, कोणी बेकारीने, कोणी नकाराने खचलेला असतो. त्या दोन सेवाभावी प्रापंचिकांप्रमाणे आपण त्याच्यासोबत चालू या. धैर्य असेच एकाकडून दुसऱ्याकडे जाते, अशी आमची श्रद्धा आहे.

संत गोन्सालो, आम्हांसाठी विनंती कर.