धन्य फ्रेडरिक ओझानाम : नास्तिकांस कृतीने दिलेले उत्तर

धर्मश्रद्धेवर आघात झाला की आपण प्रथम वाद घालण्यास धावतो. वाद निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु वादापुढेही एक पायरी आहे. ती ज्यांनी ओळखली, त्या धन्य फ्रेडरिक ओझानाम यांचे चरित्र या ज्युबिलीच्या शुभप्रसंगी आपल्यापुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

फ्रेडरिक यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान शहरी झाला. बालपण फ्रान्समधील लियों येथे गेले. वडील डॉक्टर असून गोरगरिबांवर विनामूल्य उपचार करीत. तारुण्याच्या उंबरठ्यावर फ्रेडरिक यांच्या मनास संशयाने ग्रासले. तेव्हा तत्त्वज्ञान शिकविणारे फादर न्वारो यांनी त्यांस सावरले. संशयाची वेदना स्वतः भोगल्यामुळे अश्रद्ध माणसाविषयी त्यांच्या मनात तिरस्कार नव्हता.

१८३१ साली ते कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला आले. १८३० पर्यंतच्या राजवटीने ख्रिस्तसभेस सिंहासनाच्या सावलीत बसविले होते. सिंहासन उलथताच लोकांचा रोष ख्रिस्तसभेवरही कोसळला. फेब्रुवारी १८३१ मध्ये जमावाने आर्चबिशपांचा वाडा उद्ध्वस्त केला. सोर्बोन विद्यापीठातही काही प्राध्यापक श्रद्धेवर टीका करीत. फ्रेडरिक व त्यांचे मित्र त्यांस लेखी उत्तरे देत, आणि सर्व मतांच्या विद्यार्थ्यांसमवेत चर्चासभा भरवीत.

अशाच एका सभेत प्रतिपक्षाने विचारले, की ख्रिस्तसभेने पूर्वी थोर कार्ये केली असतील, पण तुम्ही आज गरिबांसाठी काय करता? हा प्रश्न फ्रेडरिक यांच्या जिव्हारी लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, मोजक्या सोबत्यांसह त्यांनी सेवामंडळ आरंभिले. सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्यांस गरिबांची घरे दाखविली. तेच मंडळ पुढे संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावे जगभर पसरले, आणि आपल्याकडील अनेक धर्मग्रामांतही आले.

फ्रेडरिक पुढे सोर्बोन येथे प्राध्यापक झाले. १८४१ साली त्यांचा आमेली यांच्याशी विवाह झाला व त्यांस एक कन्या झाली. १८४८ च्या क्रांतीत पुन्हा राजा पदच्युत झाला. तेव्हा फादर लाकोर्डेर यांच्यासह त्यांनी नवे वृत्तपत्र काढले. ख्रिस्तसभेने राजाश्रयाची आस सोडून कष्टकऱ्यांच्या बाजूस जावे, आणि दयेबरोबर न्यायही मागावा, हे त्यांचे म्हणणे अनेक कॅथलिकांसही रुचले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर रक्तपात झाला. फ्रेडरिक व त्यांच्या दोन मित्रांच्या विनंतीवरून आर्चबिशप आफ्र समेट घडविण्यास मोर्च्यांकडे गेले, आणि गोळी लागून त्यांनी देह ठेवला. या घटनेचा भार फ्रेडरिक यांस किती झाला असेल, याची कल्पनाच करावी.

८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते मार्सेय येथे निवर्तले. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरात त्यांस धन्य घोषित केले.

प्रिय धर्मग्रामबंधुभगिनींनो, शासनाचा आश्रय आज असतो, उद्या नसतो. तर्काने प्रतिपक्ष निरुत्तर होतो, परंतु त्याचे मन वळतेच असे नाही. पॅरिसमधील त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र आजही आपल्यापुढे उभा आहे. मिस्सा संपल्यावर आपली पावले कोणाच्या दाराशी जातात, यातच त्याचे उत्तर आहे. ते उत्तर देण्याचे सामर्थ्य प्रभू येशू ख्रिस्त आपणां सर्वांस देवो.