मागण्यापलीकडची प्रार्थना : पंडिता रमाबाई

आमचे गाव अकोला जिल्ह्यात. पाऊस लांबला की गावात धोंडी निघते आणि आई देवापुढे दिवा लावून बराच वेळ हात जोडून बसते. मी शाळेत असताना एका वर्षी एवढे करूनही कपाशी वाळली आणि माझा प्रार्थनेवरचा विश्वास उडाला. पुढे अमरावतीला कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले. माझाच प्रश्न त्यांच्यापुढे माझ्यापेक्षाही लहान वयात उभा राहिला होता, आणि तो कितीतरी भयंकर रूपात.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने रमेला. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. दुष्काळ आला तेव्हा त्यांनी उपास केले, जप केले, जवळचे होते नव्हते ते दान केले. तरी वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. तेथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. परंतु पुढे भाऊ गेला, आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारीही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी.

1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येथे शोध संपला असे आपल्याला वाटेल. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त अजून भेटलेला नाही, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले आणि ते त्यांनी प्रांजळपणे लिहूनही ठेवले. एवढी मोठी विदुषी, पण आपण अजून वाटेतच आहोत हे कबूल करायला लाजली नाही. मला त्यांची खरी थोरवी येथे दिसते.

मुंबईत 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. त्यांच्या प्रार्थनेला मुली बसतात म्हणून 1893 साली पुण्यात गहजब झाला आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्या खचल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती सदन अशा मुलींनी भरले. ज्या दुष्काळाने आईबाप नेले, त्याच दुष्काळाच्या दारातून त्यांनी परक्यांच्या लेकी सोडवून आणल्या.

1905 च्या जानेवारीत केडगावला रोजची प्रार्थनासभा सुरू झाली. प्रारंभी सुमारे 70 जणी येत. जूनपर्यंत ही संख्या 500 च्या वर गेली. त्याच सुमारास त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करण्यास घेतले. साधी बाईमाणसे वाचतील असे ते व्हावे ही त्यांची इच्छा. बहिरेपणा आला, 1921 मध्ये मनोरमा गेली, पण काम थांबले नाही. ते हातावेगळे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

लहानपणच्या प्रार्थनेत त्यांनी भाकरी मागितली, ती मिळाली नाही. पुढच्या प्रार्थनेने त्यांना भाकरी वाटायला उभे केले. धर्म कोणताही असो, चिकाटीची प्रार्थना देवाला वाकवीत नसून माणसाला घडवीत असावी, असे मला आता वाटते.

कपाशी वाळली त्या वर्षीही आई रोज दिवा लावून झाला की शेजारच्या एकट्या म्हातारीला अर्धी भाकर नेऊन देत असे. तोही प्रार्थनेचाच भाग होता, हे मला तेव्हा कळले नव्हते.