विद्यार्थी भीमराव: 18 तासांमागची खरी शिस्त

14 एप्रिल जवळ आला की महाराष्ट्रभर विहारांत, वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत 18 तास अभ्यासाचे उपक्रम होतात. आपला बुलढाणा जिल्हाही त्यात मागे नसतो. पहाटे पुस्तक उघडायचं ते रात्रीच मिटायचं. उपक्रम चांगलाच आहे. पण प्रश्न 15 एप्रिलचा आहे. दुसऱ्या दिवशी चिखली, मेहकर किंवा लोणारच्या अभ्यासिकेत बसलेला पोलीस भरतीचा, एमपीएससीचा किंवा बारावीचा विद्यार्थी काय करतो? बाबासाहेब 18 तास वाचत, एवढंच आपण लक्षात ठेवलं. ते कसे वाचत, हे मात्र विसरलो. त्यांचं विद्यार्थी जीवन त्यासाठी पुन्हा पाहायला हवं.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू इथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाच्या अभ्यासाची पहिली घडी त्यांनीच बसवली. इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली. भाषांतर करायचं म्हणजे नुसतं वाचून भागत नाही. शब्द आठवावा लागतो, योग्य जागी बसवावा लागतो, चुकला तर पुन्हा लिहावा लागतो. नुसतं डोळ्यांखालून घातलेलं निसटतं, स्वतः आठवून लिहिलेलं टिकतं. पुढे बाबासाहेबांच्या इंग्रजीला जी धार आली, तिची सुरुवात या घरच्या शिकवणीत होती.

साताऱ्याहून कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत राहू लागलं. खोली एकच. त्यातच चूल, त्यातच संसार, त्यातच सगळ्यांची झोप. दिवसा गोंगाटात अभ्यास होणं शक्य नव्हतं. यावर रामजींनी तोड काढली. भीमराव लवकर झोपत. वडील जागे राहत आणि रात्री 2 च्या सुमारास मुलाला उठवून मग स्वतः आडवे होत. घासलेटच्या दिव्याच्या उजेडात, चाळ झोपलेली असताना भीमरावांचा अभ्यास चाले. इथे एक गोष्ट नीट पाहा. तो मुलगा झोप मोडून नव्हे, तर आधी झोप घेऊन अभ्यासाला बसत होता. वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती. पुस्तकाला पैसे नसले तर रामजी लेकींकडून उसने घेत, कधी त्यांचा दागिना गहाण ठेवत. त्या पुस्तकाची किंमत मुलाला ठाऊक होती.

शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती, पण जातीमुळे ती नाकारली गेली आणि फारशी घ्यावी लागली. भीमरावांनी फारशीचा अभ्यास मन लावून केला आणि संस्कृत पुढे स्वतःच्या बळावर मिळवली. 1907 मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण होते 750 पैकी 282. टक्केवारी काढून पाहा, 38 सुद्धा भरत नाही. आज एखाद्या परीक्षेत कमी गुण पडले म्हणून पुस्तकं बांधून ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. समाजाने मात्र त्या यशाचा सत्कार केला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ओळखणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी तिथे होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं. 1956 च्या धम्मदीक्षेकडे जाणाऱ्या वाटेवर ते एक पुस्तक उभं आहे.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. मुदत 3 वर्षांची होती आणि ती वाया घालवायची नाही हे पक्कं होतं. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5 असे विषयांमागून विषय त्यांनी घेतले. पदवीपुरतं शिकून ते थांबले नाहीत. 1915 मध्ये एमए झालं. मे 1916 मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध त्यांनी तिथल्या परिसंवादात वाचला. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मांडायचं आणि जाणकारांसमोर तपासून घ्यायचं, ही सवय तिथे आणखी घट्ट झाली.

1916 मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. महायुद्ध सुरू होतं. त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं ते बुडालं आणि त्याबरोबर मोलाची पुस्तकंही गेली. दुसरा कुणी खचला असता. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले आणि शाहू महाराजांच्या व मित्राच्या मदतीने 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. प्राध्यापक असताना त्यांचं व्याख्यान ऐकायला इतर कॉलेजांचे विद्यार्थीही येत. दुसऱ्याला समजेल असं सांगण्यासाठी आधी स्वतःला किती समजलंय ते तपासावं लागतं. शिकवणं हाही अभ्यासच असतो.

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडताना ते दारात असत आणि बंद होताना बाहेर पडत. जेवण तुटपुंजं, खोली साधी. रात्री पुन्हा वाचन, टिपणं, मसुदा. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला. तोवर पैसे संपत आले होते. ते मुंबईला आले, इथे बसून मांडणी दुरुस्त केली, प्रबंध पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी डीएस्सी मिळवली. मॅट्रिकला 282 गुण मिळवणाऱ्या मुलाची ही मजल 16 वर्षांची आहे, एका दिवसाची नाही.

ही विद्यार्थीदशा कधी संपलीच नाही. दादरचं राजगृह त्यांनी ग्रंथांसाठी बांधलं. त्यांच्या संग्रहातल्या पुस्तकांवर आजही त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात. पाली शिकताना त्यांनी पालीचा शब्दकोशच तयार करायला घेतला. नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावं म्हणून 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंदची सुरुवात झाली. 6 डिसेंबर 1956 च्या आदल्या रात्रीही ते बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करत होते.

मित्रांनो, यातून आपल्या अभ्यासिकेत न्यायचं ते एवढंच. झोप पूर्ण करून रोज एकाच वेळी बसा. घरात जागा नसेल तर विहाराची खोली मागा, आणि कार्यकर्त्यांनी ती उघडून द्या. एक प्रकरण वाचलं की पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. राहिलेलं पुन्हा पाहा. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि महिन्याने परत आठवून बघा. संध्याकाळी ते शेजारच्या लहान मुलाला समजावून सांगा. सराव परीक्षेत गुण कमी पडले तर उत्तरपत्रिका फाडू नका, चुका शोधून ती पुन्हा सोडवा.

14 एप्रिलला 18 तास जरूर बसा. पण 15 एप्रिलला 4 तास बसा, 16 ला पुन्हा 4. बाबासाहेबांना खरं अभिवादन त्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

जय भीम! नमो बुद्धाय!