विश्लेषण : जमशेटजी टाटांना घाटातल्या पावसात उद्योग कसा दिसला?

कल्याणहून लोकलने खोपोलीला गेलात, की घाटावरून उतरणारे जाड पाइप दिसतात. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ मध्ये जलवीज मिळाली ती इथल्याच वीजघरातून. ही कल्पना जमशेटजी टाटांची.

नवसारीत १८३९ मध्ये जन्मलेले जमशेटजी स्वतः गिरणीवाले. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १८७७ मध्ये सुरू केली. कोळशाचा खर्च आणि चिमण्यांचा धूर त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग अडत होते कुठे? सह्याद्रीत पाऊस भरपूर, पण जेमतेम चार महिने. गिरणीला वीज लागणार बारा महिने. डेव्हिड गॉस्टलिंग या अभियंत्याने लोणावळा परिसर अभ्यासला आणि मार्ग दिसू लागला. पावसाळ्यात पाणी वर तलावांत साठवायचे आणि वर्षभर सुमारे ५०० मीटर खाली सोडून जनित्रे फिरवायची.

जमशेटजींना हे पाहता आले नाही. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले, तेव्हा सगळे कागदावरच होते. मुलगा दोराबजी यांच्या काळात १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. भांडवल देशातच उभे राहिले, हे त्या काळी साधे नव्हते.

धूर गेला, पण किंमत कोणीतरी मोजलीच. टाटांनी पुढे मुळशीत धरण बांधायला घेतले, तेव्हा जमिनी जाणारे मावळे १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत सत्याग्रहात उतरले. तरीही धरण झाले, गावे बुडाली आणि त्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले.