‘द व्हाइट सिस्टर’ लिहिणारे क्रॉफर्ड



१९२३ साली ‘द व्हाइट सिस्टर’ नावाचा मूक चित्रपट आला. त्यात सिस्टर झालेली लिलियन गिश सिनेमाप्रेमींना आजही ठाऊक आहे. ज्यांच्या कादंबरीवरून तो निघाला ते फ्रान्सिस मॅरियन क्रॉफर्ड मात्र विस्मृतीत गेले. आम्ही त्यांची आठवण काढतो, कारण त्यांना श्रद्धेची वाट आपल्या भारतात सापडली.

त्यांचा जन्म १८५४ साली इटलीत झाला. वडील थॉमस हे अमेरिकन शिल्पकार. वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या घुमटावरील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्यांचाच. मुलगा तीन वर्षांचा असताना ते वारले. संस्कृतची ओढ असलेले क्रॉफर्ड १८७९ मध्ये भारतात आले. अलाहाबादला त्यांनी एका इंग्रजी वृत्तपत्राचे संपादन केले आणि या वास्तव्यातच कॅथलिक श्रद्धा स्वीकारली.

परतल्यावर मामांच्या आग्रहावरून त्यांनी सिमल्याच्या एका जवाहिऱ्यावर पहिली कादंबरी लिहिली. पुढे चाळीसहून अधिक कादंबऱ्या झाल्या. सोरेंटोजवळ समुद्रकाठी ते राहू लागले. एका कादंबरीसाठी माहिती घ्यायला ते अमेरिकेत काचेच्या भट्टीवर गेले, तेथे विषारी वायू फुप्फुसात गेला. ते दुखणे मोठे होते, तरी लेखन थांबले नाही. ‘द व्हाइट सिस्टर’ १९०९ सालची. त्याच वर्षी ९ एप्रिलला, उत्तम शुक्रवारी, ते प्रभूघरी गेले. वय अवघे चोपन्न.

आता चित्रपटाविषयी. अँजेला ही श्रीमंत घरची मुलगी. वडील वारतात, सावत्र बहीण मृत्युपत्र जाळते आणि अँजेला रस्त्यावर येते. तिचा वाग्दत्त वर जोव्हानी सैन्यातून आफ्रिकेत जातो. तो मारला गेल्याची बातमी येते. ती शोक करते, रुग्णांच्या सेवेत रमते आणि शेवटी सिस्टर म्हणून व्रत घेते.

आणि जोव्हानी जिवंत परततो.

तो तिला गाठतो, व्रतातून मोकळे करावे असा पोपमहोदयांकडे करायचा अर्ज तिच्यापुढे ठेवतो. तिचे त्याच्यावरचे प्रेम आटलेले नाही. तरी ती सही करत नाही. पुढे व्हेसुव्हियसचा उद्रेक होतो आणि गावकऱ्यांना वाचवताना जोव्हानी मरण पावतो. प्रेक्षकांना ज्वालामुखीच अधिक लक्षात राहत असेल. आम्हाला मात्र ती सही न केलेली अर्जाची पाने.