शाळेचा आकृतिबंध बदलणारे जे. पी. नाईक

दहावीची परीक्षा, पुढे अकरावी-बारावी आणि मग तीन वर्षांची पदवी हा क्रम आज आपल्याला सूर्योदयासारखा स्वाभाविक वाटतो. परंतु आपल्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांच्या पिढीला अकरावीची मॅट्रिक ठाऊक आहे. हा बदल ज्यांच्या लेखणीतून आकाराला आला, ते जयंत पांडुरंग नाईक आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. जन्म १९०७ चा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यचळवळीच्या धामधुमीत त्यांनी नवे नाव धारण केले आणि तेच जन्मभर वागवले. सविनय कायदेभंगात त्यांना कारावास घडला. सुटकेनंतर शहराकडे न वळता ते धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात लोकांमध्ये काम करीत राहिले. खेड्यातील शाळा त्यांनी कागदावरून नव्हे, तर अशी जवळून पाहिली होती.

पुढे कोल्हापूर नगरपालिकेचे काम, १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची उभारणी आणि १९५९ पासून केंद्रीय शिक्षण मंत्रालयातील सल्लागारपद, असा त्यांचा प्रवास झाला. १९५५ साली शिक्षणतज्ज्ञ चित्राताईंशी त्यांचा विवाह झाला होता. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम १९६४ साली सुरू झाले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. आयोगाने सुमारे शंभर दिवस देशभर प्रवास केला, नऊ हजारांवर व्यक्तींशी चर्चा केली आणि जून १९६६ मध्ये अहवाल सादर केला. त्याच्या लेखनात नाईकांचा वाटा सिंहाचा होता.

माध्यमिक शिक्षणाचा प्रश्न त्या वेळी बिकट होता. कुठे दहा वर्षांची शाळा, कुठे अकरा. त्यातच १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवून नववीच्या सुमारासच विद्यार्थ्यांची सात विद्याशाखांत विभागणी करण्याची शिफारस केली होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने शेतकी घ्यावी की विज्ञान, हे कोण ठरवणार? सुशिक्षित घरात वडील ठरवीत; ज्या घरात शाळेची पायरी प्रथमच चढली जात होती, तिथे परिस्थितीच ठरवून टाकी. कोठारी आयोगाने ही वाट बदलली. पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण. गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे, मुलींनाही. शाखांची निवड त्यानंतरच्या दोन वर्षांत. गणितावाचून मॅट्रिक होणाऱ्या मुलींना पुढची किती दारे बंद होत, हे आठवले की या एका शिफारशीचे मोल कळते.

१९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने हा आकृतिबंध उचलून धरला. महाराष्ट्रात १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसल्या. महाविद्यालयांत त्या वर्षी काय गर्दी झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मात्र मूळ विचार अर्धाच उतरला. दहावीनंतरच्या प्रवेशांपैकी निम्मे व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, असे आयोगाचे उद्दिष्ट होते. ते साधले नाही. वरची दोन वर्षे शाळेला जोडावीत, ही अपेक्षा होती. आपल्याकडे ती बव्हंशी महाविद्यालयांच्या पदरी पडली आणि कनिष्ठ महाविद्यालय हा नवा शब्द रूढ झाला. परिणाम वसतिगृहातील मुलांना अधिक जाणवला. दहावी झाली की शाळेचे छत सुटे, आणि सोळाव्या वर्षी तालुक्याच्या गावी खोली, खाणावळ व प्रवेशशुल्क यांची जुळवाजुळव नशिबी येई. कित्येकांचे शिक्षण बुद्धीअभावी नव्हे, तर याच वळणावर थांबले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवी हा मध्य स्तर आणि नववी ते बारावी हा सलग माध्यमिक स्तर मानला आहे. शाळा आणि ही वरची दोन वर्षे पुन्हा एकत्र आणण्याचा तो उशिराचा प्रयत्न म्हणता येईल.

नाईकांनी स्वतःच्या कार्याचेही कठोर परीक्षण केले. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ भारतीय शिक्षणात का बसत नाही, यावर त्यांनी १९७५ साली पुस्तक लिहिले. आदल्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. १९७६ मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्यात आली आणि खेड्यांतील शाळाबाह्य मुलांच्या शिक्षणाकडे ते पुन्हा वळले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. शिक्षण आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडणारे त्यांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले.